डोळे मिटल्यावर भय का दाटते : आघात, मज्जासंस्था आणि साधना

ध्यानाला बसल्यावर काहींचे मन शांत होण्याऐवजी छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, किंवा स्वतःचे शरीरच परके वाटू लागते. 'मन कच्चे आहे, साधना वाढवा' हा यावरचा ठरलेला सल्ला अनेकांना महागात पडला आहे. वास्तविक परंपरांना शरीराची ही बाजू ठाऊक होती. पातंजल योगसूत्रांत (१.३१) चित्तविक्षेपाचे सोबती म्हणून दुःख आणि दौर्मनस्य यांच्या जोडीला अंगाचा कंप व विस्कळीत श्वासोच्छ्वास सांगितला आहे. जपानमधील झेन गुरू हाकुइन यांनी तर तरुणपणी अतिरेकी साधनेतून जडलेल्या आजाराचे वर्णन १७५७ मध्ये प्रसिद्ध केले : पाय बर्फात बुडवल्यासारखे गार, कानांत घोंघावणे, काखेत घाम आणि मन सदा भ्यालेले. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय आणखी एकाग्र होण्याचा नव्हता; डोक्यावर ठेवलेला बदकाच्या अंड्याएवढा लोण्याचा गोळा विरघळून खांदे, छाती, पोट करत तळपायांपर्यंत झिरपतो आहे, अशी कल्पना करण्याचा होता.

आघाताचा, म्हणजे मनावर खोल जखम ठेवून जाणाऱ्या अनुभवाचा, वैद्यकीय विचार स्वतंत्रपणे वाढला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्ये, न पचलेला अनुभव जाणिवेपासून तुटून वेगळा कसा राहतो, हे मांडले. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भय आणि क्रोधाच्या वेळी शरीर लढण्या-पळण्यास कसे सज्ज होते, ते दाखवले. आघातोत्तर ताणविकाराला (पीटीएसडी) अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत जागा मिळायला मात्र १९८० उजाडले.

त्याच्या आदल्याच वर्षी जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानाला रुग्णोपचारात आणले. त्याने असंख्यांचे भले झाले, पण ध्यान सर्वांनाच मानवते, असा समजही पुढे रुजला. ज्याची मज्जासंस्था सतत पहाऱ्यावर आहे, त्याला डोळे मिटणे म्हणजे पहारा सोडणे वाटते, आणि श्वासाकडे लक्ष वळवताच ते नेमके भय साठलेल्या जागी जाऊन पोहोचते. याच्या उलट, आघाताने आलेली बधिरता वैराग्यासारखी दिसते, आणि मला हा धोका अधिक मोठा वाटतो, कारण त्या साधकाचे कौतुकच होते. जखमांना बगल देण्यासाठी अध्यात्माचा आधार घेण्याच्या या प्रवृत्तीला मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८४ मध्ये 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असे नाव दिले. पुढे संशोधक विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून ध्यानातील भय, निद्रानाश आणि परकेपणाच्या अनुभवांची पद्धतशीर नोंद केली (२०१७).

शरीर भयाने कसे गोठते आणि सुरक्षित वाटल्यावर कसे निवळते, हे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या वेगस मज्जातंतूच्या आधारे सांगणारा स्टीफन पोर्जेस यांचा १९९४ चा सिद्धान्त या चर्चेत हमखास येतो. त्याच्या शरीरशास्त्रीय आधाराबद्दल मात्र तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. डोळे उघडे ठेवणे, श्वासाऐवजी तळपायांच्या स्पर्शावर लक्ष आणणे, गरज वाटताच उठून चालणे, ही मुभा आता काही ध्यानशिक्षक पहिल्याच बैठकीत देतात.