‘पळवाटेने सुटले’ हे खरं नाही

नाशिकजवळ बेलतगव्हाणला शेतातल्या झोपडीत जून २००३ मध्ये पाच जणांची हत्या झाली. दोषी ठरलेले भटक्या जमातींतले सहा जण २०१९ मध्ये पळवाटेने सुटले, असं अजून बोललं जातं. साफ चुकीचं आहे ते. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळेच लोक ओळखले होते. तपास त्यांच्याकडे वळलाच नाही! २००९ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेच पुढे त्यांना निर्दोष सोडलं, राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. पळवाटेने सुटलेल्यांना भरपाई मिळत नसते. यातला एक जण तर गुन्ह्यावेळी अल्पवयीन होता. तपासातल्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असंही न्यायालयाने बजावलं.