बी नावाचा कॉलम

"मॅडम, हे चालतच नाहीये." डेटा सायन्सच्या नव्या बॅचमध्ये हे वाक्य ठरलेलं. कुठलातरी जुना व्हिडिओ बघून पोरं बोस्टनच्या घरांचा डेटा लोड करायला जातात आणि पडद्यावर भलामोठा एरर उमटतो. सवयीप्रमाणे तो कोणी वाचत नाही. मी मात्र तो अख्खा मोठ्याने वाचायला लावते. त्यात चक्क लिहिलंय की या डेटात नैतिक अडचण आहे आणि ती अडचण शिकवायची नसेल, तर हा डेटा वापरू नका. माझा डेटा एथिक्सचा पहिला तास तिथेच सुरू होतो.

हा डेटा एकेकाळी सगळ्यांचा लाडका होता. डेव्हिड हॅरिसन आणि डॅनिएल रुबिनफेल्ड या अर्थतज्ज्ञांनी १९७८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. स्वच्छ हवेसाठी लोक घराची किती जास्त किंमत मोजतात, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी १९७० च्या जनगणनेतल्या बोस्टन परिसरातल्या ५०६ विभागांची माहिती घेतली. तेरा कॉलम आणि चौदावी घराची किंमत. आटोपशीर, कुठेही रिकामी जागा नाही. रिग्रेशन, म्हणजे बाकीच्या कॉलमांवरून किंमतीचा अंदाज बांधणं, शिकवायला याहून सोपं काय हवं? पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) तो आयताच मिळायचा.

या तेरांपैकी एकाचं नाव बी. पहिल्या ओळीत त्याखाली ३९६.९०, आणि खाली तोच आकडा पुन्हा पुन्हा. हा कसला आकडा, असं विचारलं की वर्गात शांतता. कारण सरळ आहे: मॉडेल, म्हणजे अंदाज सांगणारं सूत्र, बांधायला ते कळावं लागतच नाही. संगणकाला 'फिट' म्हटलं की ते आकड्यांवर बसवून मिळतं.

मग फळ्यावर सूत्र लिहायचं. विभागातल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण घ्या, त्यातून ०.६३ वजा करा, वर्ग करा, १००० ने गुणा. प्रमाण शून्य असेल तर उत्तर येतं ३९६.९. म्हणजे मघाचा आकडा हा! आता उलटं करून बघा. उत्तर १३६.९ असेल, तर मूळ प्रमाण किती? ०.२६ चालतं आणि १ सुद्धा चालतं. शेकडा २६ कृष्णवर्णीय असलेली वस्ती आणि पूर्ण कृष्णवर्णीय वस्ती यांचा आकडा एकच. १३६.९ च्या खाली सगळीकडे हाच घोळ. वर्ग केला की उणे चिन्ह पुसलं जातं, हे आठवीतलं गणित. पण इथे त्याने माणसं पुसली गेली, हे हातानं आकडेमोड केल्याशिवाय अंगावर येत नाही.

असं विचित्र सूत्र का? निबंधातलं गृहीतक असं: गोऱ्यांना कृष्णवर्णीय शेजार नको असेल, तर कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढताना आधी घरांच्या किंमती पडतील, पण प्रमाण फारच जास्त झालं की बाजारातल्या भेदभावामुळे त्या पुन्हा चढतील. लेखकांना मी खलनायक ठरवत नाही. त्यांचा अभ्यास हवेचा होता. पण त्यांचं गृहीतक कॉलम बनून डेटात शिरलं आणि पुढे लाखभर नवशिक्यांनी ते निमूट गिरवलं असेल. (मीही त्यातलीच. विद्यार्थी असताना 'बी वाढला की किंमत वाढते' असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.) सायकिट-लर्नने २०२१ मध्ये इशारा दिला आणि २०२२ च्या अखेरीस हा डेटा काढूनच टाकला.

"मग बी डिलीट करू या, संपलं." हे वर्गातलं हमखास उत्तर. करून बघा म्हणते. मॉडेलची अचूकता जेमतेम घसरते, कारण गरिबीचा आणि गुन्ह्यांचा कॉलम शाबूत असतो आणि वस्तीची ओळख त्यातूनही झिरपत राहते. हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जातीचा रकाना काढला तरी आडनाव राहतं, आडनाव काढलं तरी गावाचं आणि गल्लीचं नाव बोलतं.

बऱ्याच अभ्यासक्रमांत एथिक्स शेवटच्या आठवड्यात येतं, परीक्षा तोंडावर असताना, खासगीपणा-पारदर्शकता अशा जड शब्दांच्या स्लाइड घेऊन. मला ते पटत नाही. मी पहिल्याच आठवड्यात गृहपाठ देते: हवा तो डेटा घ्या आणि प्रत्येक कॉलमपुढे लिहा, हे कोणी भरलं, कोणाला विचारून भरलं.

गेल्या खेपेला एका मुलीने गावातल्या एका पाहणीची शीट आणली. तिच्या घरच्या ओळीत आईचा व्यवसाय होता 'घरकाम'. माहिती आजोबांनी सांगितली होती. आई तेव्हा कांदा लावायला शेतात गेलेली.