छातीतला रेडिओ आणि पत्र्याचा कूलर

मामांना एप्रिलमध्ये पेसमेकर बसला. नागपूरच्या महाल भागातल्या घरी परतताना सोबत पुस्तकाएवढा एक डबा आला. तो उशाशी ठेवायचा. रात्री तो पेसमेकरमधली माहिती घेतो आणि दवाखान्याला कळवतो. शेजाऱ्यांनी सांगितलं, कूलरच्या मोटरने पेसमेकर बिघडेल, कूलर बंद ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात हा सल्ला आजारी माणसाच्या जिवावर बेतू शकतो! मोटरला छाती टेकून उभं राहू नये, एवढं पाळलं की पुरे.

भाच्याचा प्रश्न मात्र मला फार आवडला: पेसमेकर थेट घरच्या कॉम्प्युटरलाच का जोडत नाहीत?

उत्तर बॅटरीत आहे. तिची क्षमता साधारण १ अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर प्रवाह तासभर पुरेल इतकी. पेसमेकरचं रोजचं काम सुमारे १० मायक्रोअँपिअरवर (अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोअँपिअर म्हणतात) चालतं. भागाकार करा: १ लाख तास, म्हणजे ११ वर्षांहून जास्त. पण आतला रेडिओ बोलू लागला की ५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो, पाचशेपट! तो सतत चालू ठेवला, तर तीच बॅटरी २०० तासांत, आठ-नऊ दिवसांत संपेल. आणि ती सीलबंद असते. संपली की पुन्हा चिरा देऊन अख्खा पेसमेकर बदलायचा.

म्हणून रेडिओ झोपलेला असतो. अधूनमधून नुसता कानोसा घेतो. याच कामासाठी बनवलेली एक चिप सरासरी पाव मायक्रोअँपिअरवर हे करते. मला ही काटकसर थक्क करते. ओळखीची हाक आली की रेडिओ जागा होतो, साठवलेल्या नोंदी भराभर देतो आणि पुन्हा झोपतो. नव्या काही पेसमेकरसोबत डब्याऐवजी मोबाइल असतो, पण झोपेचा नियम तोच.

डब्याशी हे बोलणं बहुधा ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झवर चालतं. शरीर म्हणजे खारं पाणी. वारंवारता वाढली की लहरी त्यात लवकर जिरतात, फार कमी केली तर लहर लांब होते आणि तिच्या मापाची अँटेना मावत नाही. हवेत ही लहर ७४ सेंटिमीटरची. पदार्थात लहर किती आखडते हे त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून कळतं; स्नायूंचा सुमारे ५७, त्याचं वर्गमूळ साडेसात, म्हणून शरीरात तीच लहर १० सेंटिमीटरवर येते. हवामानाची माहिती रेडिओवरून पाठवणाऱ्या फुग्यांनाही जगभर हाच पट्टा दिलेला आहे. नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान केंद्रातूनही असे फुगे सोडतात. त्यांना अडथळा नको म्हणून पेसमेकरच्या रेडिओच्या ताकदीला मर्यादा २५ मायक्रोवॅटची.

सुरक्षेचा प्रश्नही खरा आहे. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत, रुग्णाच्या शरीराबाहेर ठेवलेल्या डिफिब्रिलेटरला (हृदयाची लय बिघडली की विजेचा झटका देणारं, छातीत बसवायचं यंत्र) रेडिओवरून झटका द्यायला लावला होता. सतरा कामांच्या कॉम्प्युटरपेक्षा एकच काम करणारा डबा बरा.

आणि ‘रक्त शुद्ध करणारी’ चुंबकाची कडी पेसमेकरवाल्यांनी घालूच नयेत. त्यांनी रक्त शुद्ध होत नाही, पण चुंबक छातीजवळ आला की पेसमेकर सहसा हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो.

मेमध्ये दोन रात्री मामांची नोंद गेलीच नाही. डबा कुणीतरी कूलरमागच्या स्टुलावर ठेवला होता. पेसमेकरचा २५ मायक्रोवॅटचा आवाज पत्र्याआड पोचणार कसा? डबा उशाशी आणला, कूलर चालूच ठेवला, आणि त्या रात्री नोंद गेली.