ब्लॉक फुटतो तो शेजाऱ्यांमुळे

शर्यतीच्या जुन्या इंजिनाच्या कुशीला भोक पडून रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बाहेर आला, की "लोखंड म्हातारं झालं" म्हणून आपण मोकळे होतो. बिडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ठोकळा, नुसत्या वयाने सहसा जात नाही. त्याला बाद करतात ते त्याच्या पोटातले आणि आजूबाजूचे: आत शिरलेलं पाणी, ताणून थकलेला बोल्ट, वेळेवर न पोचलेलं ऑइल. कोकणात या यादीत पाण्याचा नंबर पहिला.

जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन घेऊ. 1948 साली ते आलं आणि 1951 ते 1957 या काळात याच कुळातल्या इंजिनांवर जॅग्वारने ल मांची 24 तासांची शर्यत पाच वेळा मारली. क्षमता 3442 सीसी, म्हणजे एका सिलिंडरला साधारण 574. कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, 9:1 असेल, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा 574 भागिले 8, म्हणजे सुमारे 72 मिलिलीटर. टपरीवर कटिंग चहा मिळतो तेवढी. त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असलं, की पिस्टनला वर जायला वाटच उरत नाही, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. स्टार्टरच्या धक्क्याने रॉड वाकतो, आणि चालू इंजिनाने पाणी ओढलं तर रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो. ताकद वाढवायला हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) घासून कॉम्प्रेशन 10:1 केलं, तर हीच जागा 64 मिलिलीटरवर येते. इंजिन जितकं तयार केलेलं, तितकं कमी पाणी त्याला पुरतं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तसा प्रसंग आला, तर पाणी ओसरल्यावर किल्लीला हात लावू नका. आधी बॅटरीची वायर काढा. एअर फिल्टर आणि सगळे स्पार्क प्लग काढा, मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडतील, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवा. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर ते आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, गाडी जागेवरच ठेवून इंजिन दहा मिनिटं मंद चालवा आणि पुन्हा एकदा बदला. हे सगळं एक-दोन दिवसांत व्हायला हवं. त्यानंतर पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला चिकटायला लागतात.

पुराशिवायही हेच होऊ शकतं. एसयू बनावटीच्या कार्बोरेटरची फ्लोट व्हॉल्व्ह (पेट्रोलची पातळी राखणारी झडप) अडकली, तर पेट्रोल गळून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) आतून गळत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून बरेच दिवस उभं असलेलं इंजिन आधी प्लग काढून हाताने फिरवायचं, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने नुसतं घुमवायचं आणि मगच प्लग लावायचे. जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेल्या गाडीला तर याशिवाय सुरू करूच नये.

आता बोल्ट. 80 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव) आणि 140 मिलिमीटर रॉड असलेल्या इंजिनात पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून 600 ग्रॅम धरा. 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्यांना) पिस्टन वरच्या टोकाला उलटा फिरताना रॉडवर सव्वा टनाच्या आसपास ओढ येते, 7000 ला सुमारे 1.7 टन. आरपीएम वाढले सहाव्या हिश्श्याने, ओढ वाढली 36 टक्क्यांनी, कारण ती वेगाच्या वर्गात वाढते. शिवाय एक्झॉस्टच्या फेरीत वरून दाबायला जळता वायू नसतो, सगळी ओढ रॉडचे दोन बोल्टच झेलतात. त्यामुळे गिअर चुकून एकदा जरी आरपीएम मर्यादेबाहेर गेले असतील, तर ते बोल्ट पुन्हा वापरू नयेत. आणि टॉर्क रेंचवर (ठरलेला जोर आला की 'टक' करणाऱ्या पान्यावर) डोळे मिटून विश्वास नको: आट्यांना कोणतं वंगण लावलं यावर त्याच आकड्याला बोल्ट कमीजास्त ताणला जातो. बोल्टची लांबी घट्ट करण्यापूर्वी आणि नंतर मोजणं जास्त खात्रीचं.

हेडच्या बोल्टची गंमत वेगळीच. ब्लॉकमधली काही भोकं खालून बंद असतात. धुतल्यावर त्यांच्या तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा काम करतो, आणि पुरेशी जागा न मिळालेलं द्रव ब्लॉकला तडा पाडतं. पाना योग्य आकड्याला 'टक' करतो, काम नीट झालं असं वाटतं आणि इकडे भिंत गेलेली असते. प्रत्येक बंद भोक हवेच्या नळीने फुंकून काढा, चिंधी गुंडाळलेली काडी तळापर्यंत घाला आणि ती कोरडी वर येईपर्यंत पुढे जाऊ नका. दमट हवेत आदल्या दिवशी कोरडं केलेलं भोकही पुन्हा तपासावं.

कूलंटबद्दल इथे एक गैरसमज पक्का आहे: आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग विहिरीचं पाणी चालतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि एक्सकेसारख्या इंजिनात बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड बसलेलं असतं. दोन धातूंमध्ये खारं पाणी आलं की बॅटरीच तयार झाली, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. ब्लॉकच्या बाजूला ठोकलेले पत्र्याचे कोअर प्लग, म्हणजे भोकं बंद करणारी बुचं, हीही आतून कुजतात. ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे वापरा. ते सुमारे 107 अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरचं झाकण मात्र मूळ दाबाचंच घ्या, जुन्यांना 4 ते 7 पीएसआय दाब पुरतो. नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण जुने जोड फोडून काढतं. आणि गाडी उभी ठेवताना पाणी अर्धवट काढून ठेवू नका. हवा लागलेल्या भागावर गंज जास्त चढतो.

कुंभार्ली किंवा आंबा घाटात तापमानाचा काटा लालवर गेला, तर बाजूच्या ओढ्याचं गार पाणी घालण्याचा मोह टाळा. बीड ताणाला कमजोर. गार पाणी लागलेला भाग आकसतो, शेजारचा तापलेलाच राहतो, आणि तडा बहुधा दोन सिलिंडरच्या मधल्या पातळ पुलावर किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी जातो. गाडी सावलीत लावा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. वरच्या होजला हात लावता येऊ लागला की झाकण फडक्याने धरून हळू सोडा, मग इंजिन मंद चालू ठेवून कोमट पाणी धार बारीक धरून घाला.