‘हे कवितेत कुठे आहे?’ : साहित्याच्या वर्गातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण लिहायला सांगितले, की पुष्कळ उत्तरपत्रिकांत ‘कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत आशय मांडला आहे’ अशा धर्तीचे एक वाक्य येते. हे वाक्य जवळपास कोणत्याही कवितेखाली बसते आणि शिक्षकाने ‘हे कवितेत कुठे आहे?’ असे विचारले, तर लिहिणाऱ्याला बोट ठेवायला एकही ओळ सापडत नाही. साहित्याविषयीचे प्रत्येक मत संहितेतील, म्हणजे मूळ मजकुरातील, शब्दांच्या आधारे मांडावे, ही अपेक्षा आज जगभरच्या अभ्यासक्रमांत दिसते. तिच्या इतिहासात दोन वेगळ्या मागण्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. शब्द दाखव, ही पहिली मागणी आणि त्या शब्दांवरून तुझे मत कसे निघते ते सांग, ही दुसरी. पहिली मागणी परीक्षापद्धतीने चटकन स्वीकारली, कारण ती तपासायला सोपी आहे. दुसरी मात्र वेळोवेळी मागे पडत गेली, आणि वर्गातली खरी अडचण तिथेच आहे असे मला वाटते.

आपल्याकडे ही अपेक्षा नवी नाही. कालिदासाच्या काव्यांवरील मल्लिनाथाच्या टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्ये, आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याचा पहिला आधार असतात. ‘रघुवंशा’वरील टीकेच्या आरंभीच मल्लिनाथाने आपली शिस्त सांगून टाकली आहे : ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’. मुळात आधार नसलेले काही लिहिणार नाही आणि गरज नसलेले काही सांगणार नाही, अशी ही दुहेरी प्रतिज्ञा आहे. तिचा दुसरा भाग विद्यार्थ्यांना पहिल्याइतक्याच आग्रहाने शिकवायला हवा, कारण अवतरणांची गर्दी करून उत्तर लांबवणे हाही आधार न देण्याचाच एक प्रकार ठरतो.

त्याहून काटेकोर चौकट मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे नियम घडवणाऱ्या शास्त्रकारांनी, घालून दिली. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे असेल, तर उपक्रम आणि उपसंहार म्हणजे आरंभ आणि शेवट, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता म्हणजे नवेपणा, फल, अर्थवाद म्हणजे स्तुतिपर वचने आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवाद या खुणा पाहाव्यात, असे त्यांचे सूत्र आहे. मराठी वाचकाला हे सूत्र मुख्यतः लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे परिचित झाले. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विषयप्रवेशातच भाष्यकारांच्या सांप्रदायिक अर्थांविषयी शंका घेतो आणि गीतेचे तात्पर्य गीतेतूनच काढायला निघतो. अर्जुन युद्ध करायला तयार नाही, हा ग्रंथाचा आरंभ. ‘करिष्ये वचनं तव’ असे तो म्हणतो, हा शेवट. आणि मध्ये ‘तस्माद्युध्यस्व’ यासारखे सांगणे वारंवार येते. कर्मयोगाचा निष्कर्ष कोणाला मान्य असो वा नसो, वाद कोणत्या मैदानावर व्हावा हे टिळकांनी इथे ठरवून दिले, आणि ते मैदान म्हणजे ग्रंथाचे शब्द. यातली शेवटची खूण, उपपत्ती, ही वर सांगितलेल्या दुसऱ्या मागणीच्या अगदी जवळची आहे, कारण ती सुटे शब्द न मोजता प्रतिपादनाची संगती तपासते.

संहितेकडे बोट दाखवायचे, तर ती संहिता आधी विश्वासार्ह असावी लागते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, हे त्याच जाणिवेचे आधुनिक रूप होय.

शाळा-महाविद्यालयांत आज जी पद्धत रूढ आहे, तिचा थेट उगम मात्र केंब्रिजमध्ये आहे. तिथे इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र परीक्षाक्रम 1917 मध्ये मान्य झाला आणि 1920 च्या दशकात तिथले अध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या वर्गात एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या हाती छापील कविता द्यायच्या, पण कवीचे नाव काढून टाकायचे. आठवडाभर त्या वाचून मनाला येईल ते लिहून आणायला सांगायचे. कविता किती वेळा वाचली तेही नोंदवायला लावायचे. आणि पुढच्या व्याख्यानात त्या लिखाणाचीच चिरफाड करायची. अशा 13 कवितांवरील प्रतिक्रिया एकत्र करून त्यांनी 1929 मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक काढले. नाव काढून घेतल्यामुळे कवीचे चरित्र, त्याचा काळ, त्याची कीर्ती हे सगळे आधार एका झटक्यात गेले आणि विद्यार्थ्यापुढे केवळ कागदावरचे शब्द उरले.

निष्पन्न जे झाले ते अस्वस्थ करणारे होते. लिहिणारे बहुतेक जण इंग्रजी साहित्याची पदवी घेऊ पाहणारे, म्हणजे निवडक विद्यार्थी होते. तरीही अनेकांना कवितेचा सरळ अर्थच लागला नव्हता. जॉन डन, हॉपकिन्स यांच्यासारख्या नामवंत इंग्रजी कवींच्या कविता काहींनी निकालात काढल्या होत्या. वाचक कवितेतल्या शब्दांना उत्तर देण्याऐवजी मनात आधीच तयार असलेल्या भावनेला उत्तर देतो, असे रिचर्ड्स यांना आढळले. डी. एच. लॉरेन्स यांची ‘पियानो’ ही कविता याचे चांगले उदाहरण आहे. गाणारी स्त्री, आईच्या पायाशी बसलेले मूल, बालपणाची आठवण एवढे दिसताच अनेकांनी तिच्यावर भावविवशतेचा शिक्का मारला. ही ओढ आपल्या इच्छेविरुद्ध आपल्याला मागे नेत आहे, ते गाणे आपल्याशी दगा करत आहे, असे कवी स्वतःच म्हणतो. म्हणजे ज्या दोषाचा आरोप वाचक करत होते, त्याच्याशी कवितेतला माणूस झगडत होता. तो झगडा त्या शब्दांत लिहिलेला होता, पण वाचला गेला नव्हता.

रिचर्ड्स यांचे विद्यार्थी विल्यम एम्प्सन यांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे 1930 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी, संदिग्धतेच्या सात प्रकारांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि एका शब्दावर पानेच्या पाने लिहिता येतात हे दाखवून दिले. अमेरिकेत क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ या 1938 च्या पाठ्यपुस्तकाने हे वाचन वर्गाच्या आवाक्यात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीवर महाविद्यालयांत आलेल्या निवृत्त सैनिकांची संख्या मोठी होती आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची ग्रीक-लॅटिनची किंवा वाङ्मयेतिहासाची तयारी नव्हती. एका पानावरची कविता सर्वांपुढे सारखीच ठेवता येत होती. केवळ संहितेवर भर देणाऱ्या या ‘नव-समीक्षे’च्या प्रसारामागे तात्त्विक कारणांइतकेच हे व्यावहारिक कारणही होते. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली या अमेरिकन अभ्यासकांनी 1946 आणि 1949 च्या दोन निबंधांत लेखकाचा हेतू आणि वाचकावरचा परिणाम हे दोन्ही कवितेच्या मूल्यमापनाचे निकष म्हणून नाकारले, तेव्हा संहिता हाच एकमेव साक्षीदार उरला.

या टोकाला उत्तर देणाऱ्या अमेरिकन अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांचे काम शिक्षकांनी अधिक वाचायला हवे. कविता ही वाचक आणि संहिता यांच्या व्यवहारातून घडते, असे त्या 1938 पासून मांडत होत्या. पण म्हणून वाटेल तो अर्थ चालेल, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. त्यांचे निकष दोन होते. अर्थाला संहितेतल्या कोणत्याही घटकाने छेद देता कामा नये, आणि ज्याला शब्दांचा आधार नाही असे काही संहितेवर लादता कामा नये. यातला पहिला निकष विद्यार्थ्याला अधिक जड जातो. आपल्या मताला पोषक ओळ शोधणे सोपे असते; आपल्या मताच्या आड येणारी ओळ शोधून तिचा विचार करणे ही वेगळीच शिस्त आहे.

शब्द आणि मत यांना जोडणाऱ्या दुव्याला नाव मिळाले ते साहित्याबाहेरून. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने 1958 मध्ये युक्तिवादाची फोड करताना दावा, त्याचा आधार आणि आधारावरून दाव्याकडे जाण्याची परवानगी देणारा नियम असे तीन भाग वेगळे केले. शिकागोचे शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज हिलॉक्स यांनी हीच फोड शालेय लेखनाच्या अध्यापनात आणली. न्यायदर्शनाशी, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राशी, परिचय असलेल्याला इथे ओळखीचे काही भेटते : पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो, एवढ्यावर अनुमान पूर्ण होत नाही, जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती सांगावी लागते. विद्यार्थ्याच्या उत्तरात प्रतिज्ञा म्हणजे दावा असतो, हेतू म्हणजे आधारही असतो, व्याप्ती मात्र गृहीत धरलेली असते.

2010 च्या जून महिन्यात जाहीर झालेल्या आणि 40 हून अधिक राज्यांनी स्वीकारलेल्या अमेरिकेच्या ‘कॉमन कोअर’ मानकांत वाचनाची पहिलीच अपेक्षा संहितेतील आधार देण्याची आहे. तिची इयत्तावार चढण विचारपूर्वक रचलेली आहे. पाचवीत अचूक अवतरण द्यायचे, सहावीत मताला आधार द्यायचा, आठवीत उपलब्ध आधारांपैकी सर्वांत बळकट कोणता ते निवडायचे, आणि अकरावी-बारावीत संहिता कोणती गोष्ट अनिश्चित ठेवते तेही ओळखायचे. ही शेवटची पायरी मला फार मोलाची वाटते. परीक्षेत उतरताना मात्र ही चढण सपाट झाली. 2016 पासूनच्या एसएटी या अमेरिकन महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत ‘आधीच्या उत्तराला सर्वांत चांगला आधार कोणत्या ओळींत आहे?’ असे बहुपर्यायी जोडप्रश्न आले आणि परीक्षा संगणकावर गेल्यावर तेही गेले. इंग्लंडमध्ये 2017 पासूनच्या जीसीएसई या शालान्त पातळीवरील साहित्य परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही. त्यामुळे विद्यार्थी अवतरणे पाठ करतात आणि मुद्दा, आधार, स्पष्टीकरण या साच्यात ती बसवतात. अवतरण आधी ठरलेले आणि प्रश्न नंतर आलेला, अशी ही उलटी चाल आहे.

महाराष्ट्रातील जुन्या प्रश्नपत्रिकांतला ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ हा प्रश्न आठवला, की असाच अनुभव येतो. हे वाक्य कोणत्या पाठातले, कोण कोणाला म्हणाले, एवढे लिहून संदर्भाचे गुण पदरात पडत आणि स्पष्टीकरणाच्या जागी पाठाचा सारांश येई. आताच्या कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृतींबरोबर स्वमत आले, आणि रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये असे तीन भाग आले. रचना चांगली आहे. पण स्वमत म्हणजे उतारा बाजूला ठेवून विषयावर चार सद्विचार लिहिणे, अशी समजूत अनेक वर्गांत रूढ झाली. आधाराची गरज सर्वांत जास्त जिथे असते, नेमका तिथेच उतारा मिटला जातो.

केशवसुतांची ‘तुतारी’ घ्या. कवी बंडखोर आहे, हे विधान विद्यार्थी करतो आणि ‘जुने जाउं द्या मरणालागुनि’ ही ओळ देतो. आधार बरोबर आहे, पण उत्तर तिथे थांबते. त्याला पहिल्या कडव्याकडे परत न्यावे. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ असे म्हणणाऱ्याच्या हाती अजून तुतारी नाही, तो ती इतरांकडे मागतो आहे. फुंकणार आहे ती मात्र ‘स्वप्राणाने’. आणि तिच्या आवाजाला तो ललकारी म्हणत नाही, ‘दीर्घ तिच्या त्या किंकाळीने’ असे म्हणतो. तुतारी वाजते मिरवणुकीत, स्वागताला, विजयाला. किंकाळी फुटते ती वेदनेने. मग हे बंड विजयाच्या खात्रीतून आले आहे की असह्य झालेल्या दुःखातून, असे विचारले, की वर्गातली मुले खाली मान घालून पुन्हा कविता वाचू लागतात.