साथप्रसाराची यादृच्छिक प्रतिमाने

साथप्रसाराची यादृच्छिक प्रतिमाने : तापमान, पाऊस, वाहक कीटकांची संख्या, माणसांची ये-जा यांतील अनियमित चढउतार तसेच माणसांमाणसांतील संसर्गाचा योगायोग जमेस धरून संसर्गजन्य रोगाचा प्रसार मांडणारी गणितीय प्रतिमाने. संसर्गक्षम (अजून संसर्ग न झालेले, पण होऊ शकणारे), बाधित व रोगमुक्त हे लोकसंख्येचे नेहमीचे गट येथेही असतात.

साथींच्या गणितात संभाव्यता प्रथम कोणी आणली, याविषयी एकमत नाही. रशियातील एन्को (१८८९) यांचे काम पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिले. बाल्टिमोरच्या रीड व फ्रॉस्ट यांची साखळी-पद्धत (बाधितांच्या एका पिढीवरून पुढच्या पिढीची संभाव्यता काढणारी) १९२८ च्या सुमाराची मानतात. काळ अखंड वाहता धरणारे यादृच्छिक प्रतिमान मात्र मॅकेंड्रिक यांच्या १९२६ च्या निबंधात आढळते. आजच्या पद्धतींशी त्याचेच नाते अधिक जवळचे दिसते. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी. केरमॅक यांच्यासह १९२७ मध्ये त्यांनी मांडलेले प्रसिद्ध प्रतिमान निर्धारित स्वरूपाचे, म्हणजे योगायोगाला वाव नसलेले होते. ते पडताळण्यासाठी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेतले होते. वक्र उत्तम जुळला. परंतु त्यात गुणांक (संक्रमण, बरे होणे इत्यादींचे दर) वर्षभर स्थिर धरले होते, आणि मुंबईत प्लेग दरवर्षी उन्हाळा वाढताच ओसरे. बाकाएर यांनी (२०१२) ऋतुमानाचा हा मुद्दा पुढे आणला. तो ग्राह्य वाटतो.

यादृच्छिकता दोन प्रकारची असते. पहिली मोजक्या माणसांमधील योगायोगाची. लोकसंख्या वाढली की तिचा प्रभाव घटतो. बार्टलेट यांनी १९५७ मध्ये गोवर टिकून राहण्यास लागणारी किमान नागरी वस्ती काढली (सुमारे अडीच ते तीन लाख), ती याच विचाराने. दुसरी पर्यावरणीय. ती सर्वांना एकदम लागू होत असल्याने महानगरातही टिकते.

पर्यावरणीय यादृच्छिकता आणण्याची रूढ रीत म्हणजे संक्रमणदर बीटामध्ये ब्राउनीय गतीचे (क्षणोक्षणी स्वतंत्रपणे यादृच्छिक बदलणाऱ्या प्रक्रियेचे) पद मिळवणे. त्याची तीव्रता सिग्मा. ग्रे, ग्रीनहाल्ग, माओ प्रभृतींनी (२०११) बरे झालेले पुन्हा संसर्गक्षम होतात अशा रोगासाठी दाखवले, की मूलभूत पुनरुत्पादनांकातून (सर्वच संसर्गक्षम असताना एका बाधितापासून सरासरी जितक्यांना लागण होते तो अंक) सिग्माच्या वर्गाच्या प्रमाणात घट होते. त्यामुळे मूळ अंक एकहून मोठा असूनही साथ विझू शकते. हा निष्कर्ष फार उद्धृत होतो, पण तो इतो यांच्या संकलनावर, म्हणजे अशा यादृच्छिक पदाची बेरीज करण्याच्या एका विशिष्ट रीतीवर, अवलंबून आहे. तेच समीकरण स्त्रातोनोविच यांच्या अर्थाने (बेरजेच्या दुसऱ्या रूढ रीतीने) वाचले, तर बाधित थोडे असताना दोन रीतींमधील फरकाचे दुरुस्तीचे पद ही घट नेमकी भरून काढते आणि साथ टिकण्याचा उंबरठा पूर्ववत राहतो. म्हणजे येथे रोग विझवते ती हवामानाची अनिश्चितता नसून गणिताची निवड. शिवाय ब्राउनीय पदामुळे बीटाची अल्पावधीतील सरासरी अमर्याद डोलते. अवधी जितका लहान, तितके तिचे प्रचरण (सरासरीभोवतीचा विखुरलेपणा) मोठे. हवामान असे वागत नाही. आजचा दमट दिवस उद्याच्या दमटपणाची काही हमी देतो. म्हणून सरासरीकडे परतणारी ऑर्नस्टाइन-उलेनबेक प्रक्रिया अधिक स्वीकारार्ह ठरते. तीत बीटाची दीर्घकालीन सरासरी कायम राहते, आणि वरील साध्या प्रतिमानात साथ टिकणे-विझणे त्या सरासरीवरच ठरते.

पूर, चक्रीवादळ यांसारख्या धक्क्यांसाठी लेव्ही उड्या (अचानक होणारे मोठे यादृच्छिक बदल), तर ऋतुबदलासाठी मार्कोव्ह शृंखलेने (पुढची स्थिती केवळ सध्याच्या स्थितीवरून संभाव्यतेने ठरवणाऱ्या प्रक्रियेने) गुणांक बदलणे, असेही पर्याय वापरतात.

प्रत्यक्ष आकड्यांवरून सिग्मा ठरवणे अवघड असते, कारण नोंदीतील चुका आणि पर्यावरणाचे चढउतार एकमेकांत मिसळतात. ॲरन किंग व सहकाऱ्यांनी (२००८) ब्रिटिशकालीन बंगालच्या जिल्ह्यांतील पटकीमृत्यूंच्या नोंदी वापरताना हे दोन्ही घटक प्रतिमानात वेगळे ठेवले.