मे महिन्यासाठी बनलेलं काडतूस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात, देवघरात एक पितळी पुंगळी होती. तर्जनीएवढी लांब. आजी तिच्यात उदबत्ती खोचायची, पण तोंड रुंद, त्यामुळे उदबत्ती कायम तिरकी. बुडाशी पट्टा, तिथून वर अंग हळूहळू निमुळतं आणि गळ्याशी जेमतेम खांदा. ती .३७५ मॅग्नम या शिकारी काडतुसाची रिकामी पुंगळी आहे हे मला उशिरा कळलं. तो निमुळता आकार शोभेचा नाही, हे त्याहून उशिरा.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकवाल्यांनी हे काडतूस १९१२ साली काढलं. तेव्हाची दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब काड्या. नायट्रोग्लिसरीनमुळे जोरकस, पण तापली की बिथरणारी. आणि वाघाची शिकार असायची ऐन उन्हाळ्यात: पानगळ झालेली, पाणवठे आटलेले, वाघ उरलेल्या पाण्याजवळच सापडणार. ग्वाल्हेरच्या माधव महाराज शिंद्यांची (१८७६–१९२५) उन्हाळी राजधानी शिवपुरी, शिकारीचं रानही तेच. विलायतेत भरलेलं काडतूस इथल्या उन्हात तापून निघालं, की बार उडताना आतला दाब चांगलाच चढायचा. दाब चढला की पितळ फुगून नळीला घट्ट धरतं, पुंगळी निघता निघत नाही. समोर जखमी वाघ असताना ही मोठी पंचाईत. दुनळी रायफलीला तर बोल्टचा हिसकाही देता येत नाही.

म्हणून कारागिरांनी पुंगळ्या ऐसपैस केल्या, दाब कमी ठेवला, अंग उतरतं ठेवलं. अशी पुंगळी तसूभर मागे सरकली की चारी बाजूंनी मोकळी. गरम मुलखासाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसंही वेगळी मिळत. आजच्या दारूला उन्हाचा तेवढा त्रास नाही, तरी जुनी काडतुसं टिकली. लोक याला ‘जुनं ते सोनं’ म्हणतात. माझ्या मते ती टिकली ती या सैलपणामुळे. आफ्रिकेत कित्येक देशांत मोठ्या, धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच कायद्यानं किमान मर्यादा आहे.

एक काडतूस तर हिंदुस्थानातल्या बंदीतून जन्मलं. मार्टिनी-हेन्री ही सैन्याची जुनी रायफल .४५० बोरची (बोर म्हणजे नळीचं आतलं माप, इंचात). त्याच मापाच्या शिकारी गोळ्या तिच्यात वापरायला बंडखोरांच्या हाती लागतील या धास्तीनं सरकारनं १९०७ च्या सुमारास तो बोरच इथं बंद केला. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी जवळपासचे नवे बोर काढले. त्यातलाच जोसेफ लँगचा .४७०. तो आज आफ्रिकेतल्या दुनळ्यांचा लाडका, इथं मात्र नावापुरता. हलक्या बाजूला .२७५ रिग्बी, म्हणजे माउझरचं सात मिलिमीटरचं लष्करी काडतूस इंग्रजी नावानं. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना १९०७ साली भेट मिळालेली रायफल याच बोरची.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपली. शिवपुरीचं ते रान आता माधव व्याघ्र प्रकल्प आहे. विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, रायफली भिंतीवर गेल्या.

ग्वाल्हेर-चंबळात मात्र एक जुनं काडतूस अजून रोजच्या बोलण्यात आहे: ‘तीनशे पंधरा’. मूळ ऑस्ट्रियाच्या सैन्याचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, मॅनलिकर नावाचं काडतूस. .३१५ इंच म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर. .३०३ सैन्याचा, म्हणून सामान्य माणसाला मना. तेव्हा जवळपास तशाच रायफलीला हा परका बोर बसवून ती विकली गेली. पुढे सरकारी कारखान्यांनीही तोच धरला. इथं लायसन म्हणजे घराण्याची पत. २००८ साली शिवपुरीत तर नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचं लायसन लवकर देण्याची योजना निघाली होती! निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. खांद्यावर रायफल, हातात लायसनाचं पुस्तक घेऊन माणसं रांगेत उभी राहतात, आणि मुन्शी नाव विचारायच्या आधी बोर विचारतो.